पानाच्या तळाची कविता

मुलांच्या मासिकाचं संपादन करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. गोष्ट लवकर संपून पानाच्या तळाशी जागा उरली की ते छापखान्यातच बसून चार ओळींची कविता लिहीत आणि ती जागा भरून काढत. खाली नाव मात्र टाकत नसत.

"नाव टाका हो," बायको म्हणायची.

"आपल्याच मासिकात आपलीच पाठ थोपटू का?"

मोठ्यांसाठी लिहिलेले त्यांचे दोन कवितासंग्रह नावासकट माळ्यावर पडून राहिले. बायको गेली, पुढे मासिकही बंद पडलं.

परवा नात पाठ्यपुस्तकातली ढगाची कविता मोठ्यानं म्हणत होती. कविता त्यांचीच होती. खाली छापलं होतं, 'कवी अज्ञात'.

"ही मी लिहिलीय," ते म्हणाले. "आणि शेवटी 'ढगही घरी गेला' नाहीये. 'ढगाला घरच नव्हतं' असं आहे."

"काहीतरीच काय, आजोबा. पुस्तकात बघा ना."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "बाबा, उद्या तिची तोंडी परीक्षा आहे. उगाच गोंधळवू नका तिला."

त्यांनी चष्मा लावला, पुस्तक हातात घेतलं आणि ती बदललेली ओळ तिला पाठ होईपर्यंत तिच्याकडून म्हणवून घेतली.