आरतीवर धुतलेला रोल

१९८५ साली घाटकोपरच्या एका चाळीत बादलीला ताप आला होता. बरोब्बर शंभर. जयवंतने तो मुद्दाम आणला होता.

जयवंत कचेरीत नकाशे काढायचा आणि सुटीत हौसेने फोटो. वडील, काशीराम, चैत्रात गेले. उभ्या जन्मात ते कॅमेऱ्यासमोर एकदाच बसले, तेही गावच्या अंधाऱ्या माजघरात, आणि तो एकुलता एक फोटो रंगीत स्लाइडच्या रोलमध्ये अडकला होता. लॅबवर जयवंतचा काडीचा विश्वास नव्हता. मागच्या खेपेला एका लॅबने त्याच्या बायकोऐवजी कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस पाठवला होता. म्हणून रोल घरीच धुवायचा. फोर्टातून रसायनं आणली, पोह्यांचे स्टीलचे डबे रिकामे केले, ते गरम पाण्याच्या बादलीत ठेवले आणि पाण्याला तापाचा थर्मामीटर लावला.

अडचण वेळेची होती. पहिल्या डब्यात फिल्म मिट्ट काळोखात सहा मिनिटं ठेवायची. जास्त झाली की चित्र फिकं पडणार. मोरीचं दार गोधड्यांनी बुजवल्यावर घड्याळ दिसणार कसं? तर बायको कुंदा बाहेरून दोन आरत्या म्हणणार. तिने तीनदा म्हणून दाखवल्या, तिन्ही वेळा सहा मिनिटं.

रविवारी दुपारी तीनला कुंदाने सुरुवात केली आणि शेजारचे बळवंतकाका झांजा घेऊन हजर. "काय गं, आरती करतेस आणि बोलवत नाहीस?" त्यांच्यामागे सगळी चाळ. सगळे कोकणातले. ही माणसं आरतीला उभी राहिली की एकेक ओळ अशी ओढतात की देवालाही वाटावं, जरा बसून घेऊ. कुंदा हातवारे करत राहिली, पण चालू आरती थांबवायची कुणाची छाती?

आत जयवंतची वाट लागली. सहा मिनिटं कधीच उलटली, बापाचं तोंड धुऊन निघतंय, हे त्याला कळत होतं. पण आरती चालू असताना हात जोडण्यापलीकडे दुसरं काही करायची सवयच नव्हती. काळोख्या मोरीत तो डब्यापुढे हात जोडून उभा राहिला. आरती संपली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. पुढचे डबे त्याने रडत रडतच उरकले.

रोल वाळला. देऊळ, समुद्र, कुंदा, सगळे पांढरेफटक. फक्त माजघराच्या अंधारात काढलेला तो एक, जो सहा मिनिटांत काळाठिक्कर निघाला असता, लख्ख उतरला होता. काशीराम, मिशांसकट, ओठ मुडपून हसणारे.

जयवंतची आई, जानकीबाई, ती एवढीशी स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होती. नवरा चाळीस वर्षं मुंबईच्या गिरणीत, ती गावाला. वर्षाकाठी पंधरा दिवसांची भेट.

"आई, कुणाचं तरी मशीन आणतो," जयवंत म्हणाला. "भिंतीवर ते मोठे दिसतील."

"नको रे बाबा, मोठे नको." तिने मूठ मिटली. "जन्मात पयल्यांदा हाताक गावले."