बेसमेंटमधला फ्रान्सचा घाट

आधीच सांगते, मी भुतंखेतं, करणी, शकुन-अपशकुन यातलं काही म्हणजे काही मानत नाही. ऐन अमावास्येला नवी कार घरी आणलेली बाई आहे मी! सासूबाई फोनवर आठवडाभर धड बोलत नव्हत्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही अल्फारेटाला राहतो, अटलांटाच्या उत्तरेला. मागच्या वर्षी माझे बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले. तिथल्या फिजिओने बजावलं होतं — रोज व्यायाम केला नाही तर गुडघा आखडेल, मग कायमचं खुर्चीत. आणि बाबा दिवसभर सोफ्यावर बसून मराठी बातम्या बघत! जन्मभर सायकलवर हिंडलेला माणूस, पण पाय वाकवायला घाबरत होता. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी ओरडते.

आमच्या बेसमेंटमध्ये मंदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जागेवर चालवायची सायकल आहे. समोर स्क्रीन. त्यावर फ्रान्समधले डोंगर, घाट, लहान लहान गावं — कुणीतरी खरोखर सायकलवरून जाताना शूट केलेला व्हिडिओ. चढ आला की पेडल आपोआप जड होतं.

"घाण्याचा बैल आहे का मी?" बाबा म्हणाले.

"बैल निदान पाय तरी हलवतो!" मी बोलून गेले.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी कठडा धरून स्वतःच खाली उतरले. अट एकच — घंटी पाहिजे. "घाटात वळणावर घंटी वाजवायची असते, तेवढी तरी रीत पाळा." मंदारने मुकाट्याने बसवून दिली.

घाट सुरू व्हायच्या आधी, पहिल्याच वळणावर एक गाव लागतं. दगडी घरं, बेकरी, समोर बाकावर टोपी घातलेले एक आजोबा पेपर वाचत बसलेले. बाबांनी वळणावर घंटी वाजवली. आजोबांनी मान वर केली, हसले आणि हात केला. बाबांनीही हात केला. मी पाहत होते. मला वाटलं, व्हिडिओतच आहे तसं.

रात्री जेवताना सहज बोलले, तर मंदार म्हणाला, "कोण हात करतं? अगं, तो म्हातारा पेपरातून डोकं वर काढत नाही. पन्नास वेळा गेलोय मी तिथून!"

झालं, पैज लागली. दुसऱ्या दिवशी मंदार बसला, घंटी वाजवली — आजोबा पेपरात. मी बसले — पेपरात. बाबा बसले, घंटी वाजवली... मान वर, हसू, हात! मंदार खुर्चीतून उठलाच. त्या मशीनला साधा माइकसुद्धा नाही हो. त्याने वायरी तपासल्या, मोबाइलवर शूटिंग केलं. मोबाइलमध्ये आजोबा पेपरच वाचताना दिसतात. आम्ही दोघं मात्र डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा.

गंमत म्हणजे भीती कधी वाटलीच नाही. बाबांना तर आश्चर्यही नव्हतं. रोज सकाळी चहा घेतला की, "चल, वाट बघत असेल," म्हणत खाली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग पूर्ण घाट. त्यांच्या तोंडून गुडघा हा शब्दच निघेनासा झाला. घर कसं हलकं झालं होतं त्या दिवसांत!

परतीच्या तिकिटाबरोबर, सगळे आईवडिलांसाठी करतात तशी, मी व्हीलचेअर बुक केली होती. एअरपोर्टवर ती घेऊन आलेल्या बाईंना बाबांनी नमस्कार केला आणि बॅग तेवढी खुर्चीत ठेवली. "हिला बसवा. मी चालतो."

सिक्युरिटीपाशी न राहवून विचारलंच, "बाबा, खरं सांगा, तो माणूस तुम्हालाच कसा हात करायचा?"

"अगं, रोज हाक दिली की कुणीही ओ देतं. तुम्हाला शेजारी कोण राहतं ते माहीत नाही, म्हणून नवल वाटतं!"

मंदार अजून कारण शोधतोय, आणि मला विचाराल तर मलाही काही सांगता येत नाही. त्या दिवशी बाबा रांगेत शिरले, पुढे गेले, दिसेनासे होईपर्यंत चालतच गेले. मी तिथेच उभी राहून पोटभर रडले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, रडताना कुणावर ओरडले नाही.