मेघांक नसलेलं पान

दुपारचं जेवण झालंय, पुस्तक पोटावर पालथं आहे आणि मंजिरीच्या डोळ्यांवर झापड येते आहे. संध्याकाळी भाची शर्वाणी हेच पुस्तक न्यायला येणार. चौदा वर्षांची पोर, आईचं लाडकं पुस्तक म्हणून हट्ट धरून बसलीय. दोघी बहिणींत ही एकच प्रत होती. सुनेत्राताई पानाचा वरचा कोपरा दुमडायची, मंजिरी खालचा, आणि त्यातला राजपुत्र मेघांक नसलेली पानं दोघी सरळ गाळायच्या. आता इतक्या वर्षांनी मंजिरीने ते पुन्हा उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं. ज्याच्यावरून जीव ओवाळून टाकला तो हा राजपुत्र करतो काय, तर गोष्टीतल्या नायिकेने, वन्याने, घरी परतू नये म्हणून अख्खी नदी गोठवतो. डोंबलाचं प्रेम!

"वाचतेस की घोरतेस?"

सुनेत्राताई पलंगाच्या कडेला बसली आहे. जाऊन तीन वर्षं झाली, पण तोरा तोच. मंजिरी उठू पाहते तर पलंग नाही. हे ताईच्या सासरचं स्वयंपाकघर आहे आणि फरशीवर बर्फ साचलाय.

पुस्तक शर्वाणीला द्यायचं म्हणजे द्यायचं, ताई बजावते. तुला मेलीला कधी कुणी असं अडवलं नाही, म्हणून जळतेस. मंजिरीही मग मागचं सगळं काढते. मेघांक समजून केलेला नवरा, ताईने बाहेर पडू नये म्हणून त्याने लपवलेल्या चपला, आणि त्याला विचारल्याशिवाय डॉक्टरकडे जायचं नाही म्हणून अंगावर काढलेला ताप.

"त्याला माझ्यावाचून करमत नव्हतं." सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, तशी ताई.

"त्याच्या त्या करमण्यापायी तू मेलीस. पोरीला मी हे देणार नाही, रद्दीत घालीन."

ताई पुस्तकावर झडप घालते. ओढाओढीत भिंती कधी गेल्या कळत नाही, दोघी गोठलेल्या नदीच्या मधोमध झोंबताहेत. ताईची नखं मंजिरीच्या मनगटात रुततात. मंजिरीची नजर खाली जाते. ताई अनवाणी आहे.

दारावरची बेल वाजते.

पुस्तक छातीवर उघडं पडलंय, एका पानाचा वरचा कोपरा नुकताच दुमडलेला. त्या पानावर मेघांक नाही. अनवाणी वन्या एकटी, वल्ह्याने बर्फ फोडते आहे. मंजिरी ते दोनदा वाचते, डोळे पुसते आणि दार उघडते.

"घे," ती शर्वाणीला म्हणते, "पण आधी हे पान. तुझ्या आईने खूण केलीय."