दुसरा नमुना

आमच्या नळदुर्गला किल्ला आहे, हायवे आहे, ढाबे आहेत, समुद्र तेवढा नाही. त्यामुळे मी बंदरावर परदेशातून आलेलं खाणं तपासतो म्हटलं की गावात मला फार भाव मिळतो, आणि मीही तो सोडत नाही. कंटेनरचं सील तुटून दार उघडतं तो क्षण मी असा रंगवतो की ऐकणाऱ्याला नाटकाची तिसरी घंटा ऐकू यावी. आत कधी खजूर, कधी आफ्रिकेतली तूर. आधी मी नाक आत घालतो. कुबट वास, कीड, ओल, लेबलावरची तारीख, सगळं बघायचं आणि मग नमुना काढायचा. एक नाही, दोन. दोन्ही एकाच मालातले, दोन्ही सीलबंद. पहिला प्रयोगशाळेत जातो. माल नापास झाला आणि मालकाने अपील केलं, तर जपून ठेवलेला दुसरा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो.

हे मी एका दिवाळीत माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगितलं आणि तिने त्याचा खेळच करून टाकला. आक्काचं येसर नामी. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, मसाले भाजून दळलेलं ते पीठ आमटीला लावलं की वास वेशीपर्यंत. त्या दिवाळीपासून दर वर्षी ओसरीवर तपासणी व्हायची. मी शर्ट उलटा घालून अधिकारी व्हायचो. आक्का हात जोडून उभी राहायची.

“साहेब, माल लई लांबून आलाय. पार चुलीपासनं.”

तिने दोन बरण्या भरलेल्या असायच्या. दुसरीच्या झाकणावर मेणबत्तीचं मेण ओतून त्यात ती बांगडीचा काठ दाबायची, ते सील. मी पहिली उघडायचो, डोळे मिटून हुंगायचो, बराच वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवायचो आणि ओरडायचो, माल सोडा. मग दुसरी बरणी माझ्या पिशवीत. वर्षभर आमच्या घरची आमटी त्यावर.

गेल्या दिवाळीत बायको माहेरी होती, मी एकटाच गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. बरणी उघडली आणि कळलं की धणे करपलेत. चांगलेच करपलेत. गप्प बसावं असं मनातसुद्धा आलं नाही, कारण विनोद फार छान सापडला होता. मी छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरकलो आणि जाहीर केलं की हा माल खड्डा खणून पुरावा लागेल, खड्ड्याची हरकत नसेल तर. लोक हसून हसून आडवे. आक्काही हसली, पण आधी एकेकाचं तोंड बघून, मग.

“अपील हाय का न्हाय?” तिने विचारलं.

आहे, म्हटलं, महिन्याच्या आत. पण ज्याने नापास केलं त्याच्याकडे माल परत जात नाही, नाक दुसऱ्याचं लागतं.

“मग बायकोला घेऊन ये. तिचं नाक तुझ्यासारखं नाटकी न्हाय.”

त्या वर्षी पिशवीत बरणी आली नाही. आक्काचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी साहेबी आवाजात प्रकरण विचाराधीन आहे म्हणालो आणि ती हसली. तिसऱ्यांदा ती हसली नाही. लई दिवस लावू नको रे, एवढंच म्हणाली. कंटेनर खोळंबलेत, बघतो म्हणालो.

महिना भरायला चार दिवस होते. सकाळी दळण आणायला निघालेली आक्का उंबऱ्यात बसली, ती उठलीच नाही.

दहावा झाल्यावर शेजारच्या खाला माझ्याजवळ येऊन बसल्या. आक्का आणि त्या, जन्मभराच्या मैत्रिणी दोघी.

“कोरोना झाल्यापासनं तिला वास येत नव्हता, बाबा. कुनाला सांगू नको म्हनली. भाजायला बसली की मला हाक मारायची, करपतंय का बघ म्हनायची. ह्या बारीला मी लेकीकडं परंड्याला गेलते.”

बंदरावर थंड पेटीतला मासा खराब निघाला तर मी कारणाच्या मागे लागतो. मशीन कधी बंद पडलं, तापमान कुठे चढलं, पेटी उन्हात किती वेळ उभी होती. तीस वर्षं ज्या बाईच्या हाताने एक दाणा करपला नाही तिला मी विचारलं नाही की आक्का, काय झालं.

बरणी तिच्या कपाटात होती, साड्यांच्या मागे. मेणावर बांगडीचा काठ. बरणीला चिकटवलेल्या कागदावर तिचं वाकडंतिकडं अक्षर: नमुना दुसरा, अपिलाचा. माल त्याच घाण्यातला होता, नियमाप्रमाणे. तिच्या लेखी तो चांगलाच होता.

सील मी तोडलं नाही. बरणी बायकोच्या हातात दिली. तिने मेण फोडून झाकण काढलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, माझ्याकडे पाहिलं.

“करपलंय हो,” ती हळूच म्हणाली.

तिचं नाक खरंच सरळ आहे. मी पेन काढलं. आमच्या अहवालात कारणासाठी एक ओळ असते. त्या कागदावर, आक्काच्या अक्षराखाली लिहिलं: भाजणारीला वास येत नव्हता. तपासणाऱ्याने विचारलं नाही.

मग बायकोने त्याचीच आमटी केली. खालांनाही वाढली. कडू होती. पातेलं रिकामं होईपर्यंत आम्ही तिघं खात बसलो.