हाडाचं वय

माझ्या भाच्याला वयाच्या सहाव्या वर्षी मिसरूड फुटलं. आमच्या घरात त्याचं कौतुक झालं, हे आज सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पण झालं तसंच.

माझं माहेर पुण्याजवळच्या मांजरीचं. उसाचं रान होतं, त्यातलं निम्मं आता सोसायट्यांखाली गेलंय. वडील कुस्ती खेळलेले, धाकटा भाऊही खेळलेला. गुडघा गेल्यामुळे तो तालुक्याच्या पुढे सरकला नाही, आणि ती सल त्याने घरामागच्या शेडमध्ये मॅट टाकून, गल्लीतल्या पोरांना डाव शिकवून शमवली. अशा घरात त्याचा मुलगा चौथ्या वर्षापासून वडाच्या झाडासारखा वाढायला लागला. मांड्या भरल्या, आवाज जाड झाला, बालवाडीच्या फोटोत तो शिपाईमामांच्या कोपराला लागत होता. श्रेय आधी म्हशीच्या दुधाला मिळालं, मग खारकांना, मग आजोबांच्या रक्ताला. मुलाच्या आईच्या वाट्याला काही आलं नाही.

मी खडकीत राहते. नवरा फॅक्टरीत, घर क्वार्टर्समधलं, आणि मी शहरातल्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. त्यामुळे त्या दिवाळीत भाचा पळत येऊन गळ्यात पडला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवला तो वास. मधल्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात शिरलं की जो घामाचा दर्प येतो, तोच. सहा वर्षांच्या मुलाला तसा वास येत नाही. त्यांच्या अंगाला मातीचा, बिस्किटाचा, फार तर न घातलेल्या अंघोळीचा वास येतो.

भावजय चकल्या तळत होती. मी तिला सरळच विचारलं. तिने कढईवरची नजर न काढता सांगितलं की वर्षभरापासून त्याला अंघोळ घालणं तिने बंद केलंय, कारण मोठ्या माणसासारखे केस आलेत आणि तिलाच कसंतरी होतं. सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या, कानावर घातलं होतं. आई म्हणाली होती, आमच्यातले पुरुष अंगानं लवकर भरतात. हे आईने कुठल्या पुरुषांना पाहून ठरवलं, देव जाणे. वडील लग्नात पंचेचाळीस किलोचे होते.

भावाला म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो हसला.

"पोरगं वाढतंय, हा काय रोग हाय का, ताई?"

मला समजावून सांगता येतं असा माझा समज आहे, पण तो वर्गापुरता खरा आहे. भावापुढे माझा आवाज चढतो. त्याचाही चढला. शहरात राहून मला सगळ्यांतच खोट दिसते, असं तो म्हणाला आणि मी फराळाचा डबा न घेताच परतले.

मला जे जमलं नाही ते दुसऱ्यांच्या बापांनी केलं. पुढच्या वर्षी एका स्पर्धेत दहा वर्षांखालच्या गटात भाच्याने समोर येईल त्याला आडवं केलं. हरलेल्या मुलांच्या बापांनी तक्रार दिली की ह्या पोराचं वय चोरलंय. आमच्याकडे ही चोरी नवी नाही. दोन-दोन वर्षं कमी लावून खेळणारी पोरं सगळ्यांना ठाऊक असतात. पण भावाने ते कधी केलं नव्हतं, दुसऱ्यांनाही करू दिलं नव्हतं, त्यामुळे हा घाव त्याला फार लागला. आयोजकांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. हाताची हाडं बघून वयाचा अंदाज येतो. भाऊ छाती पुढे काढून पोराला घेऊन गेला, आणि रिपोर्टात आलं की हाडं तेरा वर्षांच्या मुलाची आहेत. भाचा दुसरीत होता.

त्या संध्याकाळी भाऊ न कळवता खडकीला आला. पाणीसुद्धा न घेता त्याने एक्स-रेची फिल्म जेवणाच्या टेबलावर टाकली.

"ताई, कानात कुर्र तूच केलंस ना? मग चल, सांग त्यांना."

केलं होतं. बारशाला आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझाच होता आणि ते मूल तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांत मावत होतं. पण आत्याची साक्ष कुठल्या पंचांपुढे चालते? मी म्हटलं, सांगायचंच तर डॉक्टरांना सांगू. इतका अपमान झालेला माणूस कुठेही यायला तयार होतो. तो आला.

लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर बाई शांत होत्या. रक्त तपासून झाल्यावर त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे भावाला, भावजयीला आणि मला, समोर बसवलं. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. शरीराला लागणारं एक हार्मोन तिला पुरेसं बनवता येत नाही, आणि त्या धडपडीत ती पुरुषी हार्मोन भरमसाट बनवत बसते. दोष जन्मापासूनचा, आई आणि बाप दोघांकडून आलेला. दोघांनाही स्वतःला काही त्रास नाही, म्हणून कळायचं कारण नव्हतं. (सुनेच्या माहेराला बोल लावायची आईची तयारी झाली होती, ती निम्मी वाया गेली.) मुलगा आज उंच दिसतो, पण हाडांची टोकं लवकर जुळतील आणि वाढ तिथेच थांबेल. मग वर्गातली सगळी मुलं त्याच्या पुढे निघून जातील आणि तो राहील तेवढाच. उपाय म्हणजे गोळ्या. दिवसातून तीनदा, आयुष्यभर, ताप आला तर जास्त. उशीर झालाय, तरी थोडी उंची वाचेल, किती ते सांगता येणार नाही.

भावाने एकच विचारलं, जोर राहील का? बाई म्हणाल्या की त्याच्या वयाच्या मुलाला असतो तेवढा राहील.

भावाने गोळ्यांच्या चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि ती तिथेच राहिली. मी फोन केले, भावजय रडली, बाईंच्या दवाखान्यातूनही विचारणा झाली. त्याचं म्हणणं, पोराला दुखत नाही, खुपत नाही, ताटातलं सगळं खातो, मग आपल्या हाताने त्याला दुबळं का करायचं? शेजारच्या गावची यात्रा होऊ दे, मग बघू. मला त्याचा संताप यायचा. पण त्याला काय गमवावं लागणार होतं, तेही मला दिसत होतं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी जिंकत होतं.

यात्रेच्या कुस्त्यांत कागद लागत नाहीत. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, दंड दाबतात आणि जोड लावतात. नजरेचा हिशोब. पंचांनी भाच्याला पाहिलं आणि त्याच्यासमोर तेरा-चौदा वर्षांचा, ऐन मिसरुडातला मुलगा आणून उभा केला. दोघं एका उंचीचे दिसत होते. भाऊ पंचांच्या घोळक्यात होता. तो काही बोलला नाही.

आम्ही बायका लांब ट्रॉलीवर बसलो होतो. हलगी वाजत होती. त्या मुलाने सलामी झाल्याझाल्या भाच्याच्या मानेवर पंजा मारला, कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलून आपटलं. भाचा कुशीवर पडला, म्हणजे कुस्ती संपली नव्हती. तो उठला. पण त्या मुलाकडे न वळता तो लोकांकडे वळला आणि कडेकडेने फिरत एकेक चेहरा बघायला लागला. मग त्या जाड आवाजात त्याने "मम्मी" अशी हाक मारली.

सगळा फड हसला. एवढा घोडा आणि मम्मी म्हणतोय, असं कुणीतरी बोललं आणि परत हशा झाला. एकाने त्याला गमतीने आत ढकललं. तो पुन्हा कडेला आला, पुन्हा हाक मारली. लंगोट ओला झालेला लांबूनही दिसत होता. भावजय ट्रॉलीवरून उडी मारून गर्दीत घुसली, तिच्यामागे मी. वाट मिळत नव्हती. फटीतून मला भाऊ दिसला. लोकांबरोबर त्याच्याही तोंडावर अर्धवट हसू होतं. मग ते गेलं. तो पायातल्या चपलांसकट आखाड्यात शिरला. आमच्या घरात जन्मलेला माणूस कधी चपला घालून मातीत उतरत नाही. त्याने पोराला काखेत धरून उचललं. दुखऱ्या गुडघ्यामुळे तो डुगडुगला, पण सोडलं नाही. पंच चिडून म्हणाले, चौदा वर्षांच्या पोराला असं लाडावून ठेवायचं असेल तर आणता कशाला. भावाने वाद घातला नाही. तोवर मी जवळ पोचले होते, म्हणून मला त्याचं बोलणं ऐकू आलं.

"लेकरू हाय ते," तो म्हणाला.

येताना त्याने जीप चुलतभावाला चालवायला दिली आणि स्वतः मागे पोराला मांडीवर घेऊन बसला. पोरगं मांडीवर मावत नव्हतं. डोकं त्याच्या दंडावर, पाय भावजयीच्या आणि माझ्या मांडीवर. गावाची वेस ओलांडायच्या आत ते झोपलं. तोंडावर आखाड्याची माती तशीच होती, आणि अंगठा तोंडात होता. भाऊ बराच वेळ त्या अंगठ्याकडे आणि ओठावरच्या मिसरुडाकडे बघत राहिला. मी बाहेर बघायला लागले.

मग त्याने पोर जागं होणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "ताई, दुपारची गोळी त्याला शाळेत कोण देईल?"