बेवड्या मानोलचं घर

प्लोव्दिव शहरातल्या जुन्या वस्तीच्या टेकडीवर एकतीस वर्षं पर्यटकांना फिरवून ल्युबेनचे गुडघे कामातून गेले होते. आता तो बुर्गासला लेकीकडे कायमचा चालला होता. गाइड निवृत्त झाला की त्याने शेवटची फेरी आपल्याच सोबत्यांना घडवायची, अशी त्यांच्यात रीत. त्या दिवशी सगळे गाइड पर्यटक होतात आणि वेडगळ प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडतात.

ल्युबेन एकच गोष्ट ठरवून निघाला होता: मानोलच्या घरापाशी खरं सांगून टाकायचं. त्या घराचा खालचा मजला गल्लीबरोबर वाकलेला, वरचा पुढे आलेला, आणि दारावरच्या दगडात गवंड्याचं नाव कोरलेलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ल्युबेनने ठोकून दिलं होतं, की हा मानोल राकिया ढोसून भिंती बांधायचा, म्हणून घर असं. लोक पोट धरून हसले. मग काय, थाप कायमची झाली. गेल्या ईस्टरला पावाच्या रांगेत त्याला कळलं, की त्या घरात राहणारी स्तामेना मावशी मानोलची पणती. तरी त्याने अख्खा हंगाम तीच गोष्ट तिच्याच खिडकीखाली सांगितली. हशाची चटक लागली होती गृहस्थाला, दुसरं काय!

रोमन नाट्यगृह झालं, जुनी वेस झाली. मानोलचं घर आलं तशी सोबत्यांतली रोसित्सा ओरडली, "ल्युबेन, बेवड्याची गोष्ट होऊन जाऊ दे!"

"आज नको गं."

"बघा, म्हातारा भाव खातोय!"

सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आणि ल्युबेनने झोकांड्या खात ती गोष्ट पुन्हा सांगितली. सांगता सांगताच त्याला स्वतःची किळस आली.

सोबती अजून खिदळत होते, तोच दार उघडलं. स्तामेना मावशी तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन आली. प्रवासाला निघणाऱ्याच्या वाटेवर ओततात, ते.

"निघालास म्हणे," ती त्याच्याजवळ येऊन म्हणाली.

"मावशी, मी..."

"माझ्या पणजोबानं थेंब घेतला नाही कधी. गल्ली वाकडी होती रे. वरच्या खोल्या तरी काटकोनात याव्यात, म्हणून त्यानं मजला पुढे काढला. एकदा वर येऊन बघायचंस."

"कधी बोलला का नाहीत?"

"पहिल्या वर्षी आले होते खाली. तू एवढा खुशीत होतास! म्हटलं, पोर नवं आहे, सांगेल चार दिवस आणि विसरेल."

तिने त्याच्या पायांपुढे पाणी ओतलं. "जा. पाण्यासारखं सगळं सुरळीत होऊ दे."

ल्युबेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सोबत्यांकडे वळला. "मानोल दारू पीत नव्हता," तो मोठ्याने म्हणाला. "फार चांगला गवंडी होता तो. मी खोटं बोललो. एकतीस वर्षं."

मग रोसित्साला हसू फुटलं. "अरे वा! जाता जाता नवी थाप!"

"खरं सांगतोय गं!" तो कळवळून ओरडला, तसे ते आणखीच हसले.

स्तामेना मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रिकामं भांडं घेऊन ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.