सतरंजीवरची जागा

गावातल्या महिला बैठकीत आता माझ्यासाठी खुर्ची ठेवतात, तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरतात. या बैठका भरवणाऱ्या संस्थेची प्रमुख झाले ना! घरातली पहिली पदवी घेऊन मी इथेच साधी कार्यकर्ती म्हणून आले, तेव्हा बैठकीत सतरंजीवर बसलेल्या कौसाबाई शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाल्या होत्या, "सरक गं जाडे, पोरीला बसू दे." गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या त्या बायकांनीच मला काम शिकवलं. आजच्या मानाबद्दल मी कृतज्ञ आहे, पण जीव अजून त्या दाटीतल्या जागेकडेच ओढ घेतो.

काल मी खुर्ची सोडून सतरंजीवर बसले. "अवो म्याडम, खाली कशाला?" म्हणत कौसाबाई लगबगीने सरकल्या. इतक्या सरकल्या, की आमच्यामध्ये आणखी दोघी सहज बसल्या असत्या.